लाऊबाईंच्या गाण्याला झील

नागेश टिळेकरचा हात त्याच्या डोक्याच्या आधी वर जातो. शाळेत बाईंनी ‘फळा कोण पुसतंय?’ म्हटलं की नागेश उभा. विचार उभं राहिल्यावर. या सवयीच्या जोरावर स्टुटगार्टच्या कंपनीत त्यानं नऊ वर्षांत काय काय मिळवलं ते पाहा: आग लागली तर मजला रिकामा करून घेणाऱ्याचं पिवळं जाकीट, कॉफीच्या मशीनची किल्ली आणि नाताळच्या जेवणात शाकाहारी कोण कोण हे लक्षात ठेवायची जबाबदारी. बढत्या ज्यांचे हात खाली होते त्यांना मिळाल्या.

तर मे महिन्यातल्या एका गुरुवारी, टेकडीवरच्या गेमाइंडहाउसच्या, म्हणजे चर्चच्या समाजमंदिराच्या, हॉलमध्ये, कोअरची, म्हणजे गायकवृंदाची, तालीम आटपताना वृंदाचे संचालक हेर आयझेले यांनी चष्मा पुसत विचारलं, "आल्झो, तर मग, हे गाणं आपल्यासाठी बसवून कोण देईल?" आणि नागेशनं पाहिलं तर एकच हात वर होता. मनगटावरचं घड्याळ ओळखीचं वाटलं.

गाणं लाऊबाईंचं होतं.

या कोअरमध्ये चौतीस माणसं. सगळी एकमेकांना पहिल्या नावानं हाक मारतात, दोघांखेरीज. आयझेले हे त्यातले एक, कारण निम्म्या कोअरला त्यांनी शाळेत गणित शिकवलेलं. दुसऱ्या लाऊबाई, कारण उरलेल्या निम्म्या कोअरला त्यांनी इस्पितळात कधी ना कधी सुई टोचलेली. सेहेचाळीस वर्षांपूर्वी त्या हाँगकाँगहून नर्स म्हणून आल्या. आता वय शहात्तर, आणि जर्मन इतकी अस्सल, इथल्या स्वाबियन बोलीच्या वळणाची की हॅम्बुर्गला राहणाऱ्या त्यांच्या लेकीलाच ती निम्मी कळत नाही. कोअरमध्ये आल्टो, म्हणजे बायकांच्या खालच्या पट्टीत, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या. एकतीस वर्षं तीच जागा. त्या एकतीस वर्षांत त्यांनी मागितलेल्या गोष्टींची यादी करायची तर कागद कोरा राहील. खिडकी लावा, एवढंसुद्धा कधी म्हणाल्या नाहीत. मफलर घेऊन यायच्या.

जुलैत त्या लेकीकडे कायमच्या जाणार होत्या. निरोपाला तुमच्या आवडीचं एक गाणं म्हणू, कुठलंही सांगा, असं आयझेले म्हणाले. त्यांची अपेक्षा, बाई सोयीचं सांगतील. बाईंनी बराच वेळ मफलरची झालर ओढली आणि मग सांगितलं: त्या तिशीच्या आत असताना हाँगकाँगच्या टीव्हीवर रोज संध्याकाळी सात वाजता एक मालिका लागायची. चहाच्या दुकानात राहणाऱ्या तीन बहिणींची. लाऊबाई आणि त्यांची बहीण जेवणाचे वाडगे हातात धरून ती बघायच्या. तिचं शीर्षकगीत. मालिकेचं नावही त्यांनी सांगितलं, पण ते तेहेतीस जणांपैकी एकालाही म्हणता आलं नाही, म्हणून त्याचं नाव ‘लाऊचं गाणं’ असंच पडलं.

त्याची कोअरसाठी लिहिलेली प्रत कुठे मिळेना. म्हणून आयझेलेंचा प्रश्न. म्हणून तो हात.

आता खरं सांगायचं तर नागेशला मनातून आनंदच झाला होता. सहा वर्षं तो बासच्या, म्हणजे पुरुषांच्या खालच्या पट्टीच्या, मागच्या रांगेत उभा होता. कारण सरळ होतं: पाश्चात्त्य नोटेशन त्याला वाचता यायचं, पण मराठी माणूस कानडी पाट्या वाचतो तसं. बस निघून गेल्यावर. म्हणून तो प्रत्येक नोटेवर पेन्सिलीनं सा-रे-ग लिहून घ्यायचा. पुण्यात कॉलेजात असताना याच माणसानं हार्मोनियमच्या साथीची दोन पारितोषिकं घेतली होती, हे स्टुटगार्टमध्ये कोणाला माहीत नव्हतं. म्हणजे त्यानं अकरा जणांना सांगितलं होतं, पण कोणी लक्षात ठेवलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यानं बायकोला बातमी दिली. संपदा डबे भरत होती.

"कॅन्टोनीज गाणं? तुला?"

"सूर सगळीकडे सातच असतात गं."

"आणि शब्द?"

"देवनागरीत लिहून घेतो. देवनागरीत काहीही लिहिता येतं."

या ठाम विश्वासावर तीन पिढ्या जगल्यात, तेव्हा संपदानं वाद घातला नाही. चौदा वर्षांची ईप्सिता मात्र सोफ्यावरून जर्मनमध्ये म्हणाली, "पापा, तू पुन्हा हात वर केलास का?"

मदतीला पाहुणी होतीच. संपदाच्या आई, मनोरमाबाई, तीन महिन्यांसाठी कऱ्हाडहून आल्या होत्या. निवृत्त शिक्षिका. मुलींच्या शाळेत तीस वर्षं मराठी आणि भूगोल. जर्मनीत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी घरातले सगळे ड्रॉवर लावले, दुसऱ्या आठवड्यात ड्रॉवर संपले, आणि तिसऱ्या आठवड्यापासून त्या जावयाबरोबर तालमीला येऊन भिंतीकडेच्या खुर्चीत बसू लागल्या. पर्समध्ये शंकरपाळ्यांचा डबा. मध्यंतरात डबा पहिल्यांदा लाऊबाईंसमोर उघडला गेला. लाऊबाईंनी एक घेतला, चावला, दुसरा घेतला. तिसरा रुमालात बांधला. मैत्रीला एवढं पुरतं.

नागेशनं गाणं ऐकलं, शंभरदा ऐकलं. चाल गोड होती, साधी होती, आणि तिथंच घात झाला. कारण पुण्यातल्या गुरुजींनी त्याला शिकवलं होतं की उघडा सूर म्हणजे उघडी खिडकी. त्याला पडदा हवा. त्यानं प्रत्येक ओळीच्या टोकाला एक हरकत घातली. दुसऱ्या कडव्यात, जिथं चाल दोन पायऱ्या उतरते, तिथं त्या पायऱ्या काढून टाकून मऊशार मींड बसवली. मग कागद आयझेलेंकडे गेला. त्यांनी गणिताच्या वह्या तपासाव्यात तसा तो तपासला आणि त्याखाली चार आवाजांची मांडणी केली: सोप्रानो, म्हणजे बायकांच्या वरच्या पट्टीतल्या, वर जातात तेव्हा बास खाली, आल्टो मधे वळण घेतात, पुरुषांच्या वरच्या पट्टीतले टेनर कोणाला नको असलेल्या जागा भरतात. दोघेही एकमेकांवर बेहद्द खूश होते. सोप्रानो तर त्या हरकती अशा घोटू लागल्या की जणू ऑलिंपिकमध्ये जायचंय.

चार गुरुवार गेले. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली. त्यात लाऊच्या गाण्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: बसवणूक – नागेश टिळेकर. स्पेलिंग बरोबर आहे ना, हे पाहायला तो छपाईवाल्याला दोनदा फोन करून बसला होता. तिसऱ्यांदा संपदानं फोन काढून घेतला.

आणि लाऊबाई? दर तालमीनंतर त्या दोन्ही हात छातीशी धरून म्हणायच्या, "श्योन, श्योन. फार सुंदर." मग मफलर घ्यायच्या आणि बसकडे चालू लागायच्या.

एका रविवारी दुपारी मनोरमाबाईंनी त्यांना घरी चहाला बोलावलं. बोलावणं ईप्सिताच्या तोंडून गेलं. बाकी दोघींमध्ये भाषेचा प्रश्न आलाच नाही, कारण टीव्हीवर ती मालिका लावली होती. पन्नासेक वर्षांपूर्वीची, चित्र पिवळं पडलेलं, खाली चिनी अक्षरं. लाऊबाई ईप्सिताला जर्मनमध्ये समजावू लागल्या, ईप्सिता आजीला तोडक्यामोडक्या मराठीत सांगू लागली, पण आजी दोन पावलं पुढेच होत्या.

"ती धाकटी आता पत्र लपवणार," मनोरमाबाई म्हणाल्या.

धाकटीनं पत्र चहाच्या डब्यात लपवलं.

"आजी, तुला कसं कळलं?"

"अगं, मी इतक्या मालिका बघितल्यात. मधली जास्त हसली की समजायचं काहीतरी लपवालपवी चाललीय. आणि ती लठ्ठ बाई सासू नव्हे बरं का. आत्या आहे."

ईप्सितानं विचारलं. आत्याच निघाली. लाऊबाईंनी मनोरमाबाईंच्या मांडीवर चापट मारली.

भाग संपला, शीर्षकगीत लागलं. नागेशला राहवलं नाही. त्यानं टीव्ही थांबवला आणि फोनवरचं गुरुवारच्या तालमीचं रेकॉर्डिंग मोठ्या आवाजात लावलं. सोप्रानोंची हरकत झुंबरासारखी खळखळली. त्यानं लाऊबाईंकडे पाहिलं.

"श्योन," त्या म्हणाल्या.

मनोरमाबाई मात्र जावयाकडे बघत नव्हत्या. त्या लाऊबाईंकडे बघत होत्या. "नागेशराव, जरा ते मालिकेतलं लावा बघू परत."

त्यानं लावलं.

"आता तुमचं."

त्यानं तेही लावलं.

"बघितलंत? मालिकेतलं लागलं की ह्यांचे ओठ हलतात. तुमचं लागलं की मिटतात."

"ऐकतायत त्या, आई."

"अहो, तीस वर्षं मी प्रार्थनेला मुलींची तोंडं बघत उभी राहिलेय. कोण गातंय, कोण नुसतं उभंय, मला मागून कळतं. तालमीतही असंच. सगळं कोअर आ वासतं आणि ज्यांचं गाणं त्या गप्प." मग त्या सरळ लाऊबाईंकडे वळल्या, स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, आणि शुद्ध मराठीत विचारलं, "का हो?"

हे काही ईप्सिताला भाषांतर करावं लागलं नाही.

लाऊबाईंनी कप खाली ठेवला. चोरी पकडली गेलेल्या पोरीसारखा त्यांचा चेहरा झाला, आणि मग त्यांना हसू फुटलं. इतकं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. "नागेश," त्या म्हणाल्या, "तुम्ही सगळे इतकं सुंदर गाता! आणि मला त्यातला एक शब्द कळत नाही."

"उच्चार चुकतोय का आमचा?"

"नाही रे. उंची चुकतेय." त्यांनी एक अक्षर म्हटलं: फान. मग तेच थोडं वेगळ्या उंचीवर. मग खाली. "हे पीठ. हे झोपणं. आणि हे थडगं. आमच्यात सूर हलला की शब्द उठून जातो. म्हणून आमच्याकडे आधी चाल करतात, मग तिच्यात बसतील तेच शब्द शोधून घालतात. एकेक शब्द आपापल्या पायरीवर. तू पायरी हलवलीस, आयझेलेनं आल्टोला तिसऱ्याच पायरीवर नेलं..."

"मग आम्ही गातोय काय?"

"काहीच नाही. अक्षरांचं सूप. पण छान सूप!"

नागेशनं फोन खिशात घातला. "चार आठवडे तुम्ही बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या प्रेमानं केलंस. आणि मी आल्टो आहे." लाऊबाईंनी खांदे उडवले. "आल्टो सांगत नाहीत. त्या दिवशी मी ऐकेन. मला तेवढंही पुष्कळ."

त्या गेल्यावर ईप्सिता जर्मनमध्ये पुटपुटली, "स्वतःच्या निरोपाला स्वतःचं गाणं गाता येणार नाही. मस्त."

निरोपाला तेरा दिवस होते.

पुढचे दोन दिवस नागेश रुसून बसला. रुसवा लाऊबाईंवर नव्हता, आयझेलेंवर नव्हता. हरकतींवर होता म्हणावं तर त्या त्याच्याच. मंगळवारी त्याला आणखी एक काम आलं: केअरवोखं. स्वाबियामध्ये प्रत्येक घरानं पाळीपाळीनं आठवडाभर इमारतीचा जिना झाडायचा असतो, दारावर तशी पाटीच लटकते, आणि ती पाटी लटकत असताना जिन्यावर केस जरी सापडला तरी तळमजल्यावरच्या आजीबाई दार उघडून खोकतात. नागेश झाडू घेऊन तिसऱ्या मजल्यापासून खाली निघाला. दर पायरीला तोंडातून गाणं येत होतं. हरकतींसकट.

मनोरमाबाई चहाचे दोन कप घेऊन आल्या आणि पायरीवर बसल्या.

"आई, गार आहे तिथं. उशी आणतो."

"राहू द्या. मी काय म्हणते, त्या हरकती काढा."

"काढल्या तर माझं काय राहिलं त्यात?"

"बरं, ठेवा. मग त्यांचं काय राहिलं?"

नागेशनं एकच पायरी तीनदा झाडली. "पण आई, हरकती काढल्या तरी आयझेलेंचे चार आवाज आहेतच. ते काढले तर सगळे मिळून एकच सूर गाणार. मग कोअर कशाला हवं? तेहेतीस माणसं पुढच्याच्या मागे नुसती ओरडणार?"

"हो," मनोरमाबाई म्हणाल्या. "त्याला झील म्हणतात."

नागेशचा झाडू थांबला.

"आमच्या शाळेचं पोवाड्याचं पथक होतं. एकवीस वर्षं मी झील धरली. शाहीर पुढे उभा राहून ओळ टाकतो. आपण मागे. त्याची ओळ संपत आली की तिचं शेपूट उचलायचं, त्याच सुरात, इकडं नाही की तिकडं नाही, आणि त्याचा दम भरेस्तोवर सोडायचं नाही. तो वाक्य मोडत नाही, आपण त्याला पडू देत नाही. हरकत घेतलीत झीलमध्ये, तर शाहीर मागे वळून असा बघतो..." त्यांनी बघून दाखवलं. नागेशला आपण सातवीत असल्यासारखं वाटलं.

"तुम्ही कधी पुढे उभ्या नाही राहिलात?"

"कोणी बोलावलं नाही. आणि बोलावल्याशिवाय आपण जात नसतो." त्यांनी चहा संपवला. "त्यासुद्धा जात नाहीत. एकतीस वर्षं."

नागेश जिन्यातच बसला. ओळ पुढचा म्हणणार. मागचे तिचं शेपूट उचलणार, तोच सूर, म्हणजे शब्द शाबूत. बासनं तेच खालच्या सप्तकात म्हटलं तरी चालेल: चाल तीच, फक्त तळमजल्यावरून. आणि बाकी सगळा वेळ? बाकी सगळा वेळ तोंड मिटून गुणगुणायचं. गुणगुणण्याला शब्दच नाहीत, तेव्हा ते कुठल्याही पायरीवर जाऊ दे.

तळमजल्यावरच्या आजीबाई खोकल्या. पहिला मजला अर्धाच झाडून झाला होता.

त्याच संध्याकाळी तो आयझेलेंच्या घरी गेला. आयझेलेंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, पुसला, लावला, परत काढला. माणसानं चार आठवडे मांडलेलं गणित कोणी पायापासून चुकलं म्हटलं की चष्म्यावर फार धूळ साचते. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे माझे चारही आवाज राहतील. फक्त तोंड मिटून."

"गेनाऊ. अगदी तसंच."

"आणि तुझ्या त्या गिरक्या?"

"गेल्या."

आयझेलेंनी त्याच्याकडे पाहिलं. शाळेत न विचारता उत्तर देणाऱ्या आणि या वेळी बरोबर दिलेल्या मुलाकडे बघावं तसं. "सुरुवातीला आठ मात्रा शब्द नाहीत," ते म्हणाले. "नुसतं वाद्य आहे. तुझ्याकडे ती पेटी आहे ना, जिच्याबद्दल तू मला तीनदा सांगितलंयस? त्या आठ मात्रा तुझ्या. तिथं काय हव्या त्या गिरक्या घे."

म्हणजे अकरा जणांपैकी एकानं लक्षात ठेवलं होतं.

"पण पुढे उभं राहून गाणार कोण?" आयझेलेंनी विचारलं. "शब्द बरोबर म्हणणारं आपल्यात एकच माणूस आहे."

"त्याच."

"त्या नाही येणार पुढे. आणि नाही आल्या तर?"

"तर तेहेतीस माणसं तोंड मिटून गुणगुणत उभी राहतील," नागेश म्हणाला, "आणि पत्रिकेत माझं नाव आहे."

लाऊबाईंना न कळवता तीन जादा तालमी झाल्या. त्यांच्या नेहमीच्या गुरुवारच्या तालमीत मात्र कोअर जुनंच सूप गात राहिलं, इतक्या उत्साहानं की सोप्रानोंपैकी दोघींना हसू आवरेना. लाऊबाई छातीशी हात धरून म्हणाल्या, "श्योन."

जुलैतला शनिवार, दुपारचे तीन. हॉलच्या खिडक्या उघड्या, टेबलावर नऊ केक आणि बटाट्याच्या सॅलडचे सात प्रकार, सातही घरांना खात्री की आपलाच एकमेव खरा. मनोरमाबाईंच्या शंकरपाळ्यांची परात लाऊबाईंच्या मुलीनं आधीच आपल्याजवळ ओढून घेतली होती. ही खोड कुठून आली ते उघड होतं. संपदा आणि ईप्सिता पहिल्या रांगेत. मनोरमाबाई काठावर, पैठणीत, मोजे घालून.

चार गाणी झाली, दोन भाषणं झाली. दुसरं भाषण तीन कागदांचं होतं आणि वाचणाऱ्यानं एकही पान गाळलं नाही. मग कोअर उभं राहिलं. लाऊबाई आपल्या जागी, दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसऱ्या. नागेश पेटी घेऊन पुढे बसला. आठ मात्रा.

त्या आठ मात्रांबद्दल पुण्यातल्या गुरुजींना कळवायला हरकत नाही. एकही सूर उघडा नव्हता.

मग कोअरनं तोंड मिटलं आणि आयझेलेंचे चार आवाज गुणगुणत निघाले, मधमाश्यांनी पोळं हलवावं तसे. आणि बत्तीस माथी एकदम लाऊबाईंकडे वळली. तेहेतिसावं पेटीवर होतं, तेही वळलं.

लाऊबाईंनी आधी मागे वळून पाहिलं. सगळे कोणाकडे बघतायत? मागे कोट अडकवायच्या खुंट्या होत्या आणि एक विसरलेली छत्री. त्या पुन्हा पुढे वळल्या. गुणगुणणं ओळीच्या शेवटापर्यंत आलं, आणि शेपूट उचलायला ओळच नव्हती. आयझेलेंनी हातानं गोल केला: परत. चार आवाज पुन्हा पहिल्यापासून निघाले. लाऊबाईंनी मान हलवली, नाही, आणि हात मफलरकडे गेला. जुलैमध्ये मफलर नव्हता.

पेटीवरून उठून त्यांना हात धरून आणावं, असं नागेशच्या पायांना वाटत होतं. पण पेटीचा आधार सुटला असता.

तेवढ्यात पैठणी उठली. मनोरमाबाई खुर्च्यांमधून वाट काढत थेट कोअरमध्ये शिरल्या. पहिली रांग बाजूला झाली. तीस वर्षं वर्गांमधून चाललेल्या बाईला रांगा बाजूला होतातच. त्यांनी लाऊबाईंचा हात धरला, दोन पावलं पुढे आणलं, मधोमध उभं केलं. आणि मग स्वतः दोन पावलं मागे गेल्या, त्यांच्या उजव्या खांद्यामागे, कंबरेवर हात ठेवून. झीलकरी उभा राहतो तशा.

"म्हणा," त्या म्हणाल्या. "मी आहे."

मराठीतच म्हणाल्या. दुसऱ्या कुठल्या भाषेत म्हणणार?

चार आवाज तिसऱ्यांदा फिरून आले. लाऊबाईंनी तोंड उघडलं.

आवाज बारीक होता, कडेला थोडा फाटलेला, आणि पहिल्या दोन शब्दांना कापला. पण एकेक शब्द आपल्या पायरीवर. ओळ संपत आली, आणि मागून तेहेतीस जणांनी तिचं शेपूट उचललं, त्याच सुरात, बासनं तळमजल्यावरून, आणि सगळ्यांत मोठ्यानं उजव्या खांद्यामागून मनोरमाबाईंनी, ज्यांना शब्दांपैकी एकही येत नव्हता पण सूर येत होता, आणि शब्दही आता त्यांनी कानानं अलगद उचलला. लाऊबाई दचकल्या. मागे वळल्या नाहीत. त्यांच्या लक्षात आलं होतं: मागचे म्हणतायत ते सूप नव्हतं.

दुसरी ओळ त्यांनी समोर बघून टाकली. तिसऱ्या ओळीला हात वाडगा धरल्यासारखा छातीशी आला आणि तिथंच राहिला. पहिल्या रांगेत त्यांची लेक रडत होती आणि शंकरपाळे खात होती. एकाच वेळी दोन्ही नीट जमत होतं तिला.

दुसरं कडवं झालं. कागदावर गाणं इथं संपत होतं. आयझेलेंनी काठी उंच धरून छान गोल करून खाली आणली. लाऊबाई त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. मालिका रोज सात वाजता लागायची. गाणं रोज पहिल्यापासून सुरू व्हायचं. त्यांनी पहिली ओळ पुन्हा घेतली. आयझेलेंनी इकडंतिकडं पाहिलं, काठी स्टँडवर ठेवली, आणि स्वतः बासमध्ये जाऊन उभे राहिले. झील धरायला.

चौथ्या वेळी ईप्सिताही उठून आजीच्या शेजारी उभी राहिली होती. पाचव्या वेळी अख्खा हॉल शेपूट उचलत होता. तीन कागदांचं भाषण वाचणारासुद्धा. पत्रिकेत ज्या गाण्याखाली ‘बसवणूक – नागेश टिळेकर’ असं छापलं होतं, त्यातल्या आठ मात्रा सोडल्या तर नागेशचा एक सूर उरलेला नव्हता. त्या पत्रिकेच्या चौदा प्रती मात्र त्यानं आधीच पेटीच्या खोक्यात सरकवल्या होत्या. माणूस सुधारतो, पण एका दुपारी किती?

शेवटी लाऊबाई थांबल्या, दम लागल्यामुळे. चेहरा लालबुंद. टाळ्या, खुर्च्यांवर पाय आपटणं, कोणीतरी शिट्टी. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. इस्पितळात वॉर्ड गप्प करायच्या तसं, एका बोटात. मग मागे वळून त्यांनी मनोरमाबाईंचा हात पकडला आणि त्यांना ओढून आपल्या शेजारी, अगदी पुढे आणलं. मनोरमाबाई मागे सरायला गेल्या. लाऊबाईंनी सोडलं नाही.

"आल्झो," लाऊबाई हॉलकडे बघून म्हणाल्या, आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी काहीतरी मागितलं. "अजून एकदा. कोण कोण आहे?"

हॉलमधले सगळे हात वर गेले. आयझेलेंचा, संपदाचा, ईप्सिताचे दोन्ही. फक्त नागेशचा गेला नाही. एक हात भात्यावर होता, दुसरा पट्ट्यांवर, आणि आठ मात्रा सुरूही झाल्या होत्या.